हरिदासच्या विमानाचा कच्चा टाका

...अन् वरून मलेच म्हनते, आबिदाबाई, तुमी माहं विमान पाडलं! आता तुमीच सांगा बाप्पा, तुमी शिकलेले मानसं, चंद्रपूरहून इतक्या दूर माह्या हातची रजई न्याले आले, तुमाले तरी समजन... जे उडलंच नाई ते पाडलं कसं? जो झाडावर चढलाच नाई त्याले कोनी म्हनते का, तू झाडावरून पडला म्हनून? पन नाई! सहा वर्सं झाले, हा हरिदास रोज सकाळी माह्या ओट्यावर येते, माहाच चहा पेते, माह्याच बशीत बिस्किट बुडवते, अन् रस्त्यानं कोनी नवीन मानूस दिसला का त्याले हात करून बलावते, या भाऊ, पाहून घ्या, हेच ते बुढी, हिनं माहं विमान पाडलं.

बसा ना, उभे काऊन? चार टाके राह्यले तुमच्या रजईचे. हाताले काम हाये माह्या, तोंड मोकळंच हाये.

तर विमान. खेळन्यातलं नाई, मानूस बसते तसं. दोन पंख, मंधात इंजिन, मांगं शेपूट. ह्या आमच्या गावात, सिंदेवाहीच्या अलीकडे, जिथी एस्टी बी चिखल पाहून वापस जाते, तिथी एका मोटारपंपाच्या मिस्त्रीनं सोताच्या हातानं विमान बनवलं. मस्करी नाई करून राह्यली मी.

हासले ना? हासा. ह्याच हासन्यानं सारा घोळ केला. मी कायबी बोलली का मानसाच्या तोंडावर पहिले हासू येते, मंग कान उघडते. आता दोष कोनाले देऊ? आदत तर मीच लावली. माहे मालक, नवाबमिया, कापूस पिंजत अन् मी शिवत बसो, अन् बसल्या बसल्या डोक्यात किडा वळवळे. बापूराव आमचा, बैलाच्या शंकरपटाच्या कमिटीचा अध्यक्ष, त्याच्या पोरीच्या लग्नात मी व्याह्याच्या नव्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापाशी शिवून टाकल्या. मानूस भर मांडवात हात वरते करून उभा, आत गेलेला हात बाहेर निंघेच ना, अन् बँडवाल्याले वाटलं नाचून राह्यला, त्यानं बाजा वाढवला! शाळा माही चौथीवर तुटली, पन हे शिक्षन मी पूर्न घेतलं बाप्पा.

अन् हरिदास तर माहा लाडका गिऱ्हाईक. भोळा ना तो. लहान होता तवा इलेक्शनचं हेलिकॉप्टर उतरलं होतं शाळेच्या पटांगनात. सारे लेकरं पदराआड, गुरुजी टेबलाखाली, शाळेचे कवेलू उडून राह्यले, अन् हा एकटा पोट्टा त्या धुळीत डोळे उघडे ठेवून उभा. आठ दिवस डोळे लाल होते. डोळे बरे झाले, डोकं नाई झालं. मोठा झाला, पंप दुरुस्त करे, मोटारसायकल दुरुस्त करे, हात सोन्याचा, पन नजर सदा वरते. मंग कुठून तरी एक इंग्रजी पुस्तक आनलं, आत सारे विमानाचे नकाशे. वाचता येत नव्हतं पुरं, चित्रं पाहे. चंद्रपूरच्या भंगारातून फुटलेल्या मारुती गाडीचं इंजिन आनलं, बल्लारपुराहून पाइप आनले, पंखाच्या फासळ्या बांबूच्या केल्या, अन् बसाले खुर्ची कोनती? प्लास्टिकची. पाय कापून. जे आपन बारशाले भाड्यानं आनतो ना, तेच. मी म्हनलं, अरे हरिदास, वरते गेल्यावर खुर्ची मोडली तर? तो म्हनते, बाई, पट्टा लावला हाये ना. कशाचा पट्टा? बैलाचा.

सांगते ना, मस्करी नाई करून राह्यली.

आता पंखाले कापड पायजे. मांजरपाट आनला गठ्ठाभर अन् आला माह्या ओट्यावर. बाई, म्हनते, ह्या बांबूवर कापड तुमीच शिवाल, दुसऱ्या कोनाचा हात नाई चालत. मी म्हनलं, मी रजई शिवते रे बाप्पा, आभाळ नाई शिवत. मंग त्यानं पुस्तक उघडलं अन् टाक्याचं चित्र दाखवलं. अक्षर मले एक नाई समजलं, पन टाका समजला. टाक्याले कुठी इंग्रजी येते? पाहा, इकडे पाहा, तुमच्याच रजईवर दाखवते. हा असा दोरा धावत जाते ना, खाली-वरते, खाली-वरते, हा कच्चा टाका. कापड जाग्यावर राहाव म्हनून. ह्याची गाठ मी डाव्या कोपऱ्यात मारते अन् दोन बोटं शेपटी सोडते, काऊन का काम झालं का शेपटी ओढाची, सारा दोरा एका झटक्यात बाहेर. माह्या सासूनं शिकवलेलं. अन् त्या चित्रातला टाका निराळा होता. एक टाका, एक गाठ. परत टाका, परत गाठ. फासळीले वेढा देऊन. मी लय वेळ पाहत राह्यली ते चित्र. ज्या कोन्या गोऱ्या मानसानं ते काढलं असन ना, त्यानं कुठी तरी पडलेलं मानूस पाह्यलं असन बाप्पा. काऊन का त्या गाठीचा अर्थ एकच होते... एक तुटली तरी बाकीच्याहिनं धरून ठेवाव.

डावा पंख असा शिवला. अकरा दिवस लागले. बोटाले भोकं पडले. रजईचा टाका सुटला तर काय होते? कापूस एका कोपऱ्यात जाते, मानसाले थंडी वाजते, सकाळी उठून तो मले शिव्या देते. पंखाचा सुटला तर शिव्या द्याले बी वापस येत नाई तो. हे मले शिवता शिवता समजलं, अन् तुमाले सांगते, त्या अकरा दिवसात मी एकबी मस्करी नाई केली.

मंग बाराव्या दिवशी केली.

तेच तर रडनं हाये. डावा पंख झाला, मन हलकं झालं, अन् किडा वळवळला. हरिदासले म्हनलं, अरे, काल शिवता शिवता आत उंदीर गेला वाटते, खुडखुड आवाज येऊन राह्यला. तो गेला धावत. कान लावला पंखाले. आता भीती भरली का कानाले कायबी आयकू येते... म्हनते, हो बाई, आहे! ब्लेड घेतलं अन् हातभर शिलाई उसवली. आत हात घातला, बॅटरी मारली, पंख उभा करून हालवला. मी हासता हासता ओट्यावरून खाली. चार दिवस त्याच्या कामाचे गेले अन् माहे दोन, ते उसवलेलं शिवाले. पन त्यानं मनात गाठ मारली, अन् ते पक्की होती.

आता उजवा पंख. त्याले पहिले कच्चा टाका घालून घेतला, कापड जाग्यावर बसवलं. म्हनलं, पक्का टाका मूल गावाहून आल्यावर घालू, काऊन का तिथी माही भाची रूही, तिचं लग्न होतं. पट तर संक्रांतीनंतर पंधरा दिवसानं. शंकरपट हो, बैलजोड्या पळवाचा. त्या पटाची लांब सरळ पट्टी, दान म्हनतो आमी, साफ, चोपून ठेवलेली, दोन्ही बाजूनं मानसं. हरिदासले विमान पळवाले दुसरी जागाच नव्हती, बाकी साऱ्या धानाच्या बांध्या अन् मंधा-मंधात मातीचे उंच धुरे. बापूरावले तर उकळ्याच फुटल्या. छाती काढून म्हने, "आजूबाजूच्या गावाच्या पटात बैल धावते, आपल्या पटात विमान उडन." विमान कोनी तपासलं का, हे कोनी नाई विचारलं. सुताराले विचारलं तर तो म्हने माहा समोरचा फिरता पंखा सागवानाचा हाये, पक्का. वेल्डिंगवाला म्हने माहा जोड पक्का. जो तो आपल्या तुकड्याची हमी देऊन मोकळा. अन् पुरं विमान? त्याची हमी कोनाकडेच नाई.

अन् चालवाचं शिक्षन? अंगनात खाटेवर बसे, पायात दोन काड्या, हातात काठी, अन् तोंडानं घूंऽऽऽ. कांता, त्याची बायको, सडा टाकता टाकता म्हने, "जरा पाय वरते करा, सायेब, तुमच्या विमानाखाली झाडाचं हाये." एकदा इंजिन चालू करून चिंचेले साखळीनं बांधलं, तर चिंच हालली. एकदा दानीवर पळवलं तर समोरचं चाक दोन हात उचललं, खालून कुत्रं गेलं. बस. तेवढीच त्याची परीक्षा, अन् त्या कुत्र्यानं पास केलं.

तर मी गेली मुलले. इकडे बापूरावले खबर आली, पाहुणे म्हनून येनाऱ्या सायबाले नंतरची तारीख नाई जमत, पट आठ दिवस आधी घ्या. घेतला! बैलाले काय, तो आजबी धावते अन् उद्याबी. पन हरिदासनं माह्या घरचं कुलूप शेजारनीकडून चाबी घेऊन उघडलं, उजवा पंख नेला, कांतानं भाताची घट्ट पेज लावून कापड ताठ केलं, वरून चांदीचा रंग मारला, अन् पंख विमानाले लावून दिला. बाहेरून पाहसान तर कच्चा अन् पक्का टाका जुळ्या बहिनी हो. गाठ आतल्या बाजूनं राहते. इंजिनातला मानूस तो, त्याले काय दिसन?

मी पटाच्या आदल्या दिवशी दुपारी उतरली एस्टीतून. घरी येऊन पाहते तर पंख नाई. तशीच गेली, पिशवी काखेत, हरिदासच्या अंगनात. म्हनलं, हरिदास, उजव्या पंखाले कच्चा टाका हाये, नुसता धावता, एकच दोरा, उडू नोको. तो नट कसत होता. मान वरते नाई केली. म्हनते, "आत उंदीर हाये का बाई?"

मी म्हनलं, मस्करी नाई करून राह्यली मी. तो म्हनते, मांगच्या वेळी बी असंच म्हनलं होतं. म्हनलं होतं मी. खरं हाये. मंग मी पंखाच्या डाव्या कोपऱ्यात हात घातला, शेपटी ओढून दाखवते म्हनलं, तर त्यानं माहा हात धरला, बाजूले केला, अन् पंखावर बोटं वाजवून दाखवले, ढोलकीवानी आवाज. पाहा बाई, म्हनते, कसा वाजते. अरे, पेजीनं वाजून राह्यला तो! भाताच्या पेजीवर कोनी आभाळात जाते का? बापूरावकडे गेली, तो हासला. सुताराकडे गेली, तो पहिले आपल्या बाह्या तपासाले लागला. अन् हरिदासनं काय केलं मालूम हाये? दोन मानसं बसवले विमानापाशी. कोनापासून राखाले? माह्यापासून!

दिवस बुडता बुडता कांता आली. ओट्यावर नाई बसली, उभीच राह्यली. माह्या तोंडाकडे इतका वेळ पाह्यलं, इतका वेळ... जसं आपन दूधवाल्याच्या मापाकडे पाहतो. मंग म्हनते, "बाई, तुमाले तुमच्या नवाबमियाची शपथ. खरं का खोटं?"

मी म्हनलं, खरं.

ते गेली. त्याले सांगलं असन. थोड्या वेळानं गल्लीच्या पलीकडून हरिदासचा आवाज आला, "तुले बी बनवलं बुढीनं." बस. पडून पडून मी इचार केला बाप्पा. सत्तर वर्सं लोकाहिले हासवलं. त्याचं आज हे झालं का खरं बोलाले गेली तर माह्यापाशी खरा आवाजच उरला नाई. एक बी नाई. मंग काय उरलं? जे येते तेच उरलं.

पटाचा दिवस. मानसं म्हनाल तर किडा-मुंगीवानी. दोन फेऱ्या बैलाच्या झाल्या, अन् दान मोकळी करून विमान आनलं. उन्हात चांदीवानी चमके. हरिदास खुर्चीत, बैलाचा पट्टा बांधून, कपाळावर चढवलेला वेल्डिंगचा चष्मा. इंजिन चालू, गरम होऊन राह्यलं. धूळ अशी उडे का मंडप फडफडे. अन् मी पाह्यलं, त्या धुळीत तो पोट्टा परत डोळे उघडे ठेवून बसला होता. मी दोन पावलं समोर सरकली. पन ते दोन पहारेकरी माह्याकडेच पाहून राह्यले, विमानाकडे नाई.

तवा त्या पाहुण्या सायबानं इचारलं, का हे पंख कोनी शिवले म्हनून. अन् लाऊडस्पीकरवर डोमा, त्याले तर बोलाले निमित्तच पायजे, "आबिदाबाई जिथी असन तिथून विमानापाशी याव! आपल्या मायेच्या हातानं पंखाले आशीर्वाद द्याव!" आता सायबाचं बलावनं. पहारेकरी काय करन? बाजूले झाले. मी डोक्यावर पदर घेतला, अन् हातात नारळ घेऊन हळूहळू, जशी मय्यतीले जावाव तशी, उजव्या पंखाच्या टोकाले गेली. फिरत्या पंख्यापासून दूर. हरिदास पाहून राह्यला माह्याकडे. त्याले वाटलं, बुढी पाया पडाले वाकली.

वाकलीच होती मी. शेपटी शोधली. पेजीनं ताठ झाली होती, दातानं मोकळी केली. होते तवा समोरचे तीन दात. अन् बोटाले गुंडाळली, अन् मांगं मांगं चालत गेली.

सर्रर्र.

काय सांगू. एक हात, दोन हात, चार हात, दोरा येऊनच राह्यला, अन् इंजिनाच्या वाऱ्यानं कापड असं उचललं जसं कोनी पंखावरचं पांघरून ओढलं. खालून साऱ्या बांबूच्या फासळ्या उघड्या! मंग डोमा लाऊडस्पीकरवर, "अरे बाप्पा, बुढीनं विमानाचं लुगडं सोडलं!" अन् सारी दान हासली. सायेब हासला, बापूराव कपाळाले हात लावून बसला. माह्या उभ्या जिंदगीत माह्या मस्करीले इतके मानसं हासले नव्हते. अन् ते मस्करी नव्हती.

हरिदासनं इंजिन बंद केलं. पट्टा सोडला. चष्मा काढला. माह्यापाशी आला. हात उचलते वाटलं मले. उचलला असता तर मी मार खाल्ला असता. मी तो दोऱ्याचा गुंता त्याच्या हातात देल्ला अन् म्हनलं, "सत्तर वर्साची बुढी हाये मी. माह्यात जोर किती असन? वाऱ्यात किती असन?"

तो दोऱ्याकडे पाहत राह्यला. एकच दोरा. मंधात एक गाठ नाई. कांता मंडपाच्या खांबाले धरून उभी होती, ते खाली बसली.

आता गोष्ट इथी संपाले पायजे होती, का नाई? त्यानं म्हनाव, बाई, तुमी जीव वाचवला. कुठी म्हनते! गावात एकच बोलनं, आबिदाबाईनं पट खराब केला. कमिटीनं मले पुढच्या वर्सी पटात याले मनाई केली. अन् त्या सायबाले आठवलं का विमान उडवाले परवानगी लागते, त्याहिनं कागद मांगले, कागदासाठी हरिदास नागपूरले गेला, वापस आला, परत गेला. विमान टिनाच्या शेडमधी. खुर्चीत कोंबडी अंडे देते. कांता ते अंडे मले पदराआडून आनून देते, हप्त्याले दोन.

पन हरिदासनं तो पंख परत आनून टाकला माह्या ओट्यावर. म्हने, आता पक्का शिवा. मी म्हनलं, शिवते. अन् शिवून राह्यली, एक टाका, एक गाठ, चित्रात होता तसाच, मस्करी नाई करून राह्यली, हात लावून पाहा, हत्ती लटकला तरी नाई सुटत. पन सहा वर्सं झाले, हातभर जागा राहतेच. तो रोज इचारते, बाई, झाला का? मी म्हनते, झालाच बाप्पा, उद्या. मंग तो गेला का मी हातभर उसवते.

त्याले मालूम नसन का? अहो, सोन्याचा हात हाये त्याचा, सोता बसला तर दोन दिवसात शिवन. पन नाई. चहा पेते, मले शिव्या देते, विमान पाडलं म्हनते, अन् जाता जाता म्हनते, बाई, दोरा संपला असन, घ्या, सिंदेवाहीहून आनला...

अन् सहा वर्सं झाले, मोजून पाह्यलं मी, दर वेळी लागते त्याहून दोरा हातभर कमीच आनते.